स्वमग्न मुलांसाठी पहिले कलाशिबिर: किशोरवयीन आयोजकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या गावातील किंवा वसाहतीतील स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांसाठी चित्रकलेचे शिबिर घ्यावे असे अनेक पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना वाटते आणि त्यांतील बरेच जण एकाच क्रमाने कामाला लागतात. आधी भित्तिपत्रक तयार होते, मग व्हॉट्सॲपवर संदेश फिरतो, नावे येतात, रंग आणि कागद विकत आणले जातात, आणि येणारी मुले नेमकी कशी आहेत याची चौकशी अगदी शेवटी, आदल्या दिवशी फोनवर होते. मग पहिल्याच सकाळी एक मूल कानांवर हात दाबून दाराबाहेर बसते, दुसरे रंग तोंडात घालते, तिसरे गेटकडे धावते, आणि मुलांना कलेची आवड नाही असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

अशा शिबिरात कला शिकवणे हा सोपा भाग आहे. कस लागतो तो मूल खोलीत येण्यापूर्वीच्या तयारीत. खालील टप्पे चार ते सहा मुले, पाच दिवस आणि रोज सव्वा तास एवढ्या आकाराच्या शिबिरासाठी आहेत. पहिल्या वेळी याहून मोठा घाट घालू नये. तयारीला साधारण आठ आठवडे लागतात, म्हणजे मे महिन्याच्या मध्यावर शिबिर घ्यायचे असल्यास मार्चमध्येच सुरुवात करावी लागते; त्याच काळात तुमची दहावी किंवा बारावीची परीक्षा असेल तर दिवाळीची सुट्टी निवडावी.

१. आधी पाहा, आणि जबाबदार प्रौढ व्यक्ती शोधा

स्वमग्न मुलांसोबत कधीच वेळ घालवला नसेल, तर शिबिराची घोषणा करण्यापूर्वी एखाद्या विशेष शाळेत, थेरपी केंद्रात किंवा ओळखीच्या कुटुंबात निदान काही दिवस फक्त मदतनीस म्हणून जा. मुंबईतील उम्मीद, शिवडीची जय वकील संस्था आणि गोव्यातील सेतू या संस्था बालविकास व विशेष शिक्षणाच्या क्षेत्रात परिचित आहेत. लहान गावांत जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या विकासातील अडचणी लवकर ओळखून मदत करणारे केंद्र) किंवा तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडे चौकशी करता येते. तिथे कोण कसे चित्र काढते यापेक्षा अनुभवी शिक्षक किती कमी बोलतात, सूचना दिल्यावर किती वेळ थांबतात आणि मुलाच्या कोणत्या बाजूला बसतात, याकडे लक्ष द्या.

त्यानंतर दोन प्रौढ व्यक्ती ठरवा. त्यांपैकी एक विशेष शिक्षक, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे व हालचाली जमाव्यात म्हणून उपचार करणारे) किंवा स्वमग्न मुलाचे अनुभवी पालक असावेत. दुसरी व्यक्ती तुमच्या घरातील चालेल. दोघांनीही पाचही दिवस पूर्ण वेळ हजर राहायचे आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार भारतीय कायद्याने ग्राह्य धरला जात नाही, त्यामुळे सभागृहाचा अर्ज, अनामत रक्कम आणि पालकांची संमतिपत्रे प्रौढ व्यक्तीच्या नावानेच असावीत.

पैशांबाबत एवढेच सांगणे पुरे आहे की देणग्या गोळा करू नका. जागा विनामूल्य मिळवा, साहित्य वस्तुरूपात घ्या आणि झालेला खर्च एका वहीत लिहून पालकांना दाखवा.

सावधान: "थोडा वेळ डोकावून जाईन" म्हणणारी प्रौढ व्यक्ती या दोघांत मोजू नका. ती नसेल त्याच वेळी गरज पडते.

२. प्रत्येक मुलाचे एक पान

नावनोंदणीच्या अर्जात नाव, वय आणि मोबाइल क्रमांक एवढेच विचारले जाते, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. प्रत्येक मुलासाठी एक पान तयार करा आणि ते पालकांसमोर बसून भरा, कारण लेखी प्रश्नाला "काही त्रास नाही" असे उत्तर देणारी आई बोलता बोलता मिक्सरच्या आवाजाने मूल पलंगाखाली शिरते हे सहज सांगून जाते.

विचारायच्या गोष्टी पुढीलप्रमाणे आहेत. मूल आपले म्हणणे कसे सांगते: शब्दांनी, हात धरून नेऊन, चित्रकार्डांनी की टॅबलेटवरून? एखादी गोष्ट नको असेल तर ते काय करते? घरात कोणती भाषा बोलली जाते, आणि शौचाला व लघवीला जायचे असेल तेव्हा त्याचा नेमका शब्द किंवा खूण कोणती? कोणता आवाज, वास, स्पर्श किंवा उजेड सहन होत नाही, आणि कोणता हवाहवासा वाटतो? मूल अखाद्य वस्तू तोंडात घालते का? गहू, दूध किंवा अन्य कशाचे पथ्य किंवा ॲलर्जी आहे का? कधी फिट आली आहे का, आणि आली तर डॉक्टरांनी काय करायला सांगितले आहे? मूल नजर चुकवून निघून जाते का, आणि गेले तर कुठे? अस्वस्थ झाल्यावर ते कशाने शांत होते, आणि कशाने अधिक बिथरते? शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे: त्याला सध्या कशाचे वेड आहे? एसटीच्या पाट्या, पंखे, गणपती, मेट्रोचा नकाशा, कपड्यांच्या साबणाची वेष्टने, जे असेल ते जसेच्या तसे लिहून घ्या, कारण पाचव्या टप्प्यात उपक्रम त्यावरूनच ठरणार आहे.

निदानाचे अहवाल, बुद्ध्यांक किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मागू नका. तुम्हाला त्यांचा उपयोग नाही आणि ते सांभाळण्याची जबाबदारी मात्र तुमच्यावर येते.

पान भरून झाल्यावर मुलाला त्याच्या घरी एकदा भेटा. वीस मिनिटे पुरतात. त्याला नाव विचारत बसू नका, नमस्कार करायला लावू नका. थोड्या अंतरावर जमिनीवर बसून स्वतः एखादे चित्र रंगवत राहा आणि ते जवळ आले तर खडू पुढे सरकवा.

तपासणी: प्रत्येक मुलाबद्दल "हे मूल नको कसे म्हणते?" या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला पान न पाहता देता आले पाहिजे. ते येत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

३. जागा: आधी कानांनी तपासा

जागा पाहायला शिबिराच्याच वेळी जा आणि तिथे पाऊण तास गप्प बसा. शाळेची घंटा, शेजारच्या स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी, बांधकामाचे यंत्र, लग्नकार्याचा बँड, पंख्याची कुरकुर, मिणमिणणारी ट्यूबलाइट, नुकत्याच दिलेल्या रंगाचा किंवा फिनाइलचा वास, हे सर्व तुम्हाला सवयीने जाणवत नाही, पण एखाद्या मुलाला दुसरे काही करूच देत नाही. मंगल कार्यालय किंवा मोठे सभागृह घेऊ नका. घुमणारा आवाज तिथे आवरता येत नाही. शाळेचा मध्यम आकाराचा, तळमजल्यावरचा, एकच दार वापरात असलेला वर्ग उत्तम ठरतो.

खोलीचे तीन भाग करा: कामाची टेबले, हालचालीची मोकळी जागा आणि शांत कोपरा. शांत कोपऱ्यात सतरंजी, एक-दोन उशा, मंद उजेड आणि कान झाकणारे हेडफोन ठेवा. हा कोपरा शिक्षेसाठी कधीही वापरायचा नाही. मुलाला तिथे पाठवायचेही नाही. त्याला हवे तेव्हा जाता आले पाहिजे. टेबले भिंतीकडे तोंड करून ठेवल्यास समोरची वर्दळ कमी दिसते. रंगांचा सगळा साठा पडद्यामागे किंवा बंद कपाटात ठेवा, समोर फक्त चालू कामाचे साहित्य असू द्या.

सावधान: आवारात किंवा जवळपास विहीर, उघडी टाकी, तलाव किंवा वाहता रस्ता आहे का, हे स्वतः चालून पाहा. नजर चुकवून निघून जाणाऱ्या अनेक मुलांना पाण्याची ओढ असते. अशी जागा जवळ असेल आणि गेट कायम बंद ठेवता येत नसेल तर दुसरी जागा शोधा.

४. मदतनीस निवडा आणि त्यांची तालीम घ्या

एका मुलामागे एक मदतनीस आणि शिवाय दोन मोकळे हात, हे पहिल्या शिबिराचे प्रमाण आहे. मदतनीस तुमच्याच वयाचे मित्र असू शकतात, पण चांगली चित्रकला ही निवडीची कसोटी नाही. शांत बसता येणे, रोज वेळेवर येणे आणि मोबाइल बाजूला ठेवता येणे या तीन गोष्टी पुरेशा आहेत. एका मुलाला पाचही दिवस एकच मदतनीस द्यायचा असल्याने अर्धा आठवडाच येऊ शकणाऱ्याला मोकळ्या हातांत ठेवा.

तालमीत स्वमग्न मुलाचा अभिनय करून दाखवण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. ती टाळा. त्यातून आपल्या मनातील ठोकळेबाज प्रतिमा तेवढ्या पक्क्या होतात. तालीम आपल्या वागण्याची घ्यायची आहे. "आता आपण सगळे मिळून छानपैकी झाडाचं चित्र काढूया का?" हे वाक्य "ब्रश घे" एवढे करा. एक सूचना दिल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. घाईने तीच सूचना वेगळ्या शब्दांत दिली की मुलाला ती नवी सूचना वाटते आणि ते पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यायला लागते. प्रश्न तेव्हाच विचारा जेव्हा "नाही" हे उत्तर तुम्हाला मान्य असेल. मुलाचा हात आपल्या हातात धरून ब्रश फिरवू नका. स्वतःच्या कागदावर करून दाखवा, आणि आधार हवाच असेल तर आपला हात त्याच्या हाताखाली असा ठेवा की त्याला तो केव्हाही काढून घेता येईल. डोळ्यांत पाहण्याचा आग्रह धरू नका. मूल तुमचेच शब्द परत म्हणत असेल तर ती थट्टा नसते; बऱ्याचदा तोच त्याचा होकार असतो.

सुरक्षिततेचे नियम लेखी द्या आणि प्रत्येकाची सही घ्या. कोणीही, प्रौढ असो वा किशोर, मुलासोबत बंद दाराआड एकटे राहणार नाही. शौचालयात फक्त पालक नेतील. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालील सर्वांना लागू आहे, म्हणजे शिबिरातील मुलांना आणि तुमच्या किशोरवयीन मदतनिसांनाही. मुलाच्या अंगावर संशयास्पद खुणा दिसल्या किंवा त्याने काही सांगितले तर स्वतः चौकशी न करता लगेच जबाबदार प्रौढ व्यक्तीला सांगा; बालकांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे.

छायाचित्रांबाबत सरसकट नियम ठेवा: शिबिर चालू असताना फोटो नाहीत. पालकांना आठवण हवी असेल तर मुलाच्या कामाचा फोटो द्या. परदेशी विद्यापीठाच्या अर्जासाठी चेहऱ्यांचे फोटो लागतील म्हणून हे शिबिर घेणार असाल, तर ते घेऊ नका.

५. उपक्रम आणि साहित्य

आता, इतक्या उशिरा, कलेकडे वळायचे आहे. दिवसाला एकच माध्यम ठेवा आणि सोप्या, कोरड्या माध्यमाकडून ओल्या, चिकट माध्यमाकडे जा.

पहिला दिवस जाड खडूंचा. खडूंचे मुद्दाम छोटे तुकडे करा. तुकडा लहान असला की मूल तो आपोआप बोटांच्या चिमटीत धरते. कागद जाड घ्या आणि चारही कोपरे मास्किंग टेपने टेबलाला चिकटवा, कारण सरकणारा कागद एका हाताने धरून दुसऱ्याने रंगवणे अनेक मुलांना जड जाते. काही कागद भिंतीवरही लावा. उभ्याने रंगवणे काही मुलांना अधिक जमते.

दुसरा दिवस ठशांचा. कापलेली भेंडी आणि बटाटा यांचे ठसे लगेच उमटतात आणि दाबण्याची क्रिया मुलांना आवडते. कांदा वासामुळे टाळा. तिसऱ्या दिवशी घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत पोस्टर कलर भरून, तोंड टेपने पक्के करून, ती टेबलावर चिकटवा. हात न भरता रंग मिसळतात, आणि ज्या मुलाला ओला स्पर्श नकोसा वाटतो तेही यात रमते. ज्यांना हात भरायला आवडतात त्यांना शेजारी थाळीत रंग द्या. चौथ्या दिवशी शाडू. शाडूची माती थंड लागते आणि वाळताना त्वचेला ओढ देते, त्यामुळे आधी काठी, चमचा किंवा लाटणे द्या आणि हात लावण्याचा निर्णय मुलावर सोडा. मातीऐवजी कणीक वापरण्याचा मोह होतो, परंतु गव्हाचे पथ्य असलेल्या आणि वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलांच्या बाबतीत ती अडचणीची ठरते. पाचव्या दिवशी नवे काही आणू नका. प्रत्येक मुलाने चार दिवसांत जे सर्वाधिक वेळ केले, तेच त्याला पुन्हा द्या.

उपक्रम मुलाच्या वेडाशी जोडा. एसटीच्या पाट्या आवडणाऱ्या मुलाला झाड काढायला सांगण्यापेक्षा लांबट आयताकृती कागद द्या. तो त्यावर गावांची नावे रंगवील आणि अर्धा तास जागचा हलणार नाही. वारली चित्रांचे त्रिकोण आणि वर्तुळे पाहून हा विषय सोपा वाटतो, पण बारीक ब्रशने पांढऱ्या रेषा काढायला हातावर बराच ताबा लागतो. घ्यायचाच असेल तर खाकी कागदावर जाड पांढरा खडू द्या.

टाळायच्या वस्तू: रांगोळीची बारीक भुकटी, चमकी, छोटे मणी, सुवासिक स्केचपेन, टर्पेंटाइन लागणारे तैलरंग, चरचरणारे थर्माकोल आणि फुगे.

तपासणी: प्रत्येक साहित्य तालमीत स्वतः वापरून, हुंगून आणि धुऊन पाहा. रंग हातावरून साबणाशिवाय निघत नसेल तर तो बदला, कारण हात भरलेले राहणे काही मुलांना सहन होत नाही.

६. मुलाला आधी कळू द्या

शिबिराच्या सुमारे एक आठवडा आधी प्रत्येक घरी सहा ते आठ पानांची छोटी फोटोपुस्तिका पाठवा. तिच्यात खरे गेट, चपला काढायची जागा, खोली, मुलाचे टेबल, त्याच्या मदतनिसाचा चेहरा, शांत कोपरा, शौचालय आणि शेवटच्या पानावर घ्यायला आलेले आई, बाबा किंवा आजी यांचे फोटो असावेत. प्रत्येक पानावर एकच ओळ: "मी चपला इथे ठेवतो." कार्टूनची चित्रे वापरू नका, कारण खोली तशी दिसत नाही. पालकांनी ही पुस्तिका रोज एकदा वाचून दाखवावी आणि आदल्या दिवशी मुलाला रिकामी खोली दाखवून आणावी.

खोलीत लावायचे चित्रवेळापत्रकही याच वेळी करा. प्रत्येक कामाचे एक कार्ड, वरून खाली एका ओळीत, आणि काम संपले की कार्ड काढून खालच्या पाकिटात टाकायचे. ज्या मुलांना पूर्ण ओळ जड जाते त्यांच्यासाठी "आधी–नंतर" असा दोनच कार्डांचा फलक ठेवा.

७. शिबिराचा दिवस

सव्वा तास पुढीलप्रमाणे वाटावा: दहा मिनिटे येणे आणि स्थिरावणे, वीस मिनिटे काम, दहा मिनिटे हालचाल, वीस मिनिटे पुन्हा काम, पाच मिनिटे आवरणे, दहा मिनिटे निरोप. पाचही दिवस हा क्रम बदलू नका. मुलांना एकाच वेळी न बोलावता थोड्याथोड्या अंतराने बोलवा. पहिले दोन दिवस पालक शेजारच्या खोलीत असावेत आणि नंतरही लगेच बोलावता येतील एवढ्या जवळ, कारण शौचालयात त्यांनीच न्यायचे आहे. काम संपण्यापूर्वी पाच मिनिटे वाळूचे घड्याळ किंवा रंगीत टायमर दाखवा. अचानक कागद उचलून घेणे हे रडारडीचे नेहमीचे कारण असते.

मूल पहिले दोन दिवस कशालाही हात न लावता नुसते पाहत बसले तर ते शिबिरात सहभागीच आहे असे धरा. पूर्ण कागद काळा करणे, एकच रेघ शंभर वेळा ओढणे, रंगांच्या बाटल्या ओळीत मांडणे हेही काम आहे. चित्र "नीट दिसावे" म्हणून मदतनिसाने त्यात एकही रेघ घालायची नाही, पालकांनी आग्रह केला तरीही नाही.

उद्घाटन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांची भाषणे, शाल-श्रीफळ आणि शेवटच्या दिवशीचा टाळ्यांचा कार्यक्रम यांना ठाम नकार द्या. ज्यांनी जागा दिली त्यांना हे सांगणे अवघड जाते, म्हणून जागा ठरवतानाच स्पष्ट करा. चार दिवसांत सवयीची झालेली खोली पाचव्या दिवशी अनोळखी माणसांनी आणि माइकच्या आवाजाने भरली, तर मुलांसाठी ती पुन्हा परकी होते.

८. अडचण आली तर

मेल्टडाऊन म्हणजे हट्ट नव्हे. हट्टात मुलाला काहीतरी मिळवायचे असते. मेल्टडाऊनमध्ये आवाज, उजेड, बदल किंवा थकवा यांचा भार सोसण्यापलीकडे गेलेला असतो, आणि समजावण्याने किंवा रागावण्याने तो वाढतोच. त्यापूर्वीच्या खुणा त्या मुलाच्या पानावर लिहिलेल्या असतील: हात चावणे, फेऱ्या मारणे, एकच शब्द वेगाने म्हणणे. त्या दिसताच सूचना थांबवा, दिवा व पंखा मुलाला सोसेल तसे करा, इतर मुलांना हालचालीच्या जागेत न्या. मुलाजवळ एकच ओळखीची व्यक्ती थांबेल आणि बोलणार नाही. त्याला धरून ठेवू नका. डोके आपटत असेल तर मध्ये उशी धरा. शांत झाल्यावर "का रडलास?" असे विचारू नका, पाणी द्या आणि वेळ द्या.

मूल दिसेनासे झाले तर आधी पाण्याकडे आणि रस्त्याकडे धावा, खोल्या नंतर शोधा. एक व्यक्ती गेटवर, एक पालकांना फोन करायला, एक ११२ या आपत्कालीन क्रमांकावर. कोण कुठे जाणार हे तालमीतच ठरलेले असले पाहिजे.

फिट आल्यास मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका. डॉक्टरांनी दिलेली सूचना पानावर असेल तर जबाबदार प्रौढ व्यक्ती त्याप्रमाणे करील. फिट पाच मिनिटांहून अधिक चालली, लगेच दुसरी आली, किंवा त्या मुलाला पूर्वी कधीच आलेली नसेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

९. रोजची नोंद आणि शिबिरानंतर

दररोज मुले गेल्यावर मदतनिसांनी पंधरा मिनिटे बसून प्रत्येक मुलाच्या पानामागे तीन ओळी लिहाव्यात: कशाला स्वतःहून हात लावला, कशापासून दूर गेला, काय बदलायचे. "छान रमला" ही नोंद नाही. "भेंडीचे ठसे सोळा मिनिटे, फक्त निळा रंग, पंखा बंद केल्यावर टेबलाशी आला" ही नोंद आहे.

शेवटच्या दिवशी सर्व काम, फाटलेले कागदही, मुलासोबत घरी द्या. त्यांतील काय ठेवायचे हे ते ठरवील. आठवडाभरात पालकांना या नोंदींवरून एक पानाचे पत्र लिहा, म्हणजे ते मुलाच्या थेरपिस्टला किंवा शाळेला दाखवता येईल. त्यानंतर माहितीची मूळ पाने पालकांना परत करा आणि तुमच्या फोनमधील त्यांच्या प्रती पुसून टाका. दिवाळीत त्याच मुलांसोबत पुन्हा शिबिर घ्यायचे ठरले, तरी जुनी पाने मागू नका. सहा महिन्यांत मुलांची आवड, भीती आणि पथ्ये बदलतात, त्यामुळे दुसऱ्या टप्प्यापासून नव्याने सुरुवात करा.